टाकी क्रमांक चार

तळहिप्परगीचा तिप्पण्णा कोळी दरवर्षी चैत्र सरता सरता आपली होडी स्वतःच्या हातानं बुडवायचा.

भीमेचं पाणी तेव्हा खाली गेलेलं असे. माणसं गुडघाभर पाण्यातून चालत पलीकडे जात, नावाड्याला कुणी विचारत नसे. मग तो होडी गावाखालच्या डोहात न्यायचा, आत उभं राहून तिच्यात एकेक दगड ठेवायचा, आणि काठ पाण्याला लागून ती शांतपणे खाली गेली की पोहत काठावर यायचा. एकदा गावात नवा आलेला तलाठी काठानं ओरडत धावला होता, "अरे वाचवा, नावाडी बुडतोय!" तिप्पण्णा गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहून त्याला म्हणाला होता, "बुडू द्या सायेब, मीच बुडवतोय." त्या तलाठ्यानं पुढं बदली मागून घेतली.

यात वेडेपणा काही नव्हता. लाकडाची होडी पाण्याबाहेर राहिली तर वाळते, फळ्या आकसतात, सांधे उघडतात, आणि एकदा ऊन आत शिरलं की ती होडी उरत नाही, सरपण होतं. म्हणून उन्हाळाभर ती पाण्याखाली ठेवायची, मृगात पाणी चढलं की बुडी मारून दगड काढायचे आणि वर आणायची. तिप्पण्णाच्या बापानं हेच केलं होतं. होडी बुडू नये म्हणून ती बुडवायची, एवढं एक शहाणपण त्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलं होतं, आणि दुसरं कुठलं आल्याचं ऐकिवात नाही.

होडी तशी लहानच. दहा-बारा माणसं, नाहीतर ज्वारीची पोती आणि एक शेरडू. मधे डोलकाठी, आणि तिला शीड म्हणून सोलापुरी चादरी. गिरणीतला डागी माल तिप्पण्णानं सोलापुरातून आणला होता आणि चार चादरी एकाला एक शिवल्या होत्या. त्यांवर लाल-हिरवे मोर होते. दोन मोर शिवताना उलटे लागले. पश्चिमेचा वारा सुटला की ते शीड फुगायचं, दोन मोर सुलटे आणि दोन डोक्यावर उभे असे पलीकडच्या काठाकडे निघायचे, आणि पलीकडची माणसं म्हणायची, "आला आला, तिप्पण्णा आला."

या होडीतनं काय गेलं नव्हतं? नवऱ्या गेल्या, वऱ्हाडं गेली, सुईण गेली, पोस्टमन गेला. गावाची निम्मी काळी जमीन पलीकडच्या काठाला, त्यामुळे पेरणीचं बी यातून जायचं आणि पीक यातूनच यायचं. बदल्यात सुगीला घरटी ज्वारी मिळायची. फक्त एक माणूस या होडीत कधी बसलं नव्हतं, ते म्हणजे तिप्पण्णाची बायको बसव्वा.

बसव्वा अक्कलकोटाकडची, जिथं नदी सोडा, ओढ्यालाही पाणी नवलाईचं. लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात तिप्पण्णानं हौसेनं तिला काठावर नेलं, तर तिनं हलणाऱ्या होडीकडे एकदा पाहिलं, "अय्यो" म्हणाली आणि घरी येऊन भाकरी थापायला बसली. त्यानंतर वीस वर्षं तिनं तिकडं पाऊल टाकलं नाही. होडीला ती सवत म्हणायची. तसं म्हणायला जागाही होती. तिप्पण्णा घरात तीन शब्द बोलायचा आणि होडीशी तीनशे. पोरगी महानंदा मंद्रूपला दिली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, आणि होडीची एक फळी बदलावी लागली तेव्हा हा बाबा दोन दिवस जेवला नव्हता.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. होडी डोहात होती ती डोहातच राहिली, तिला वर काढण्याइतकं पाणी चढलंच नाही. पुढं संक्रांत आली तोवर डोहही आटत आटत गेला, आणि एके सकाळी चिखलात रुतलेली होडी तिच्यातल्या दगडांसकट उघडी पडली. तिप्पण्णा चिखल तुडवत तिच्याजवळ गेला. आपण बुडवलेली होडी उघडी करून नदीच नाहीशी झाली, याला काय म्हणावं ते त्याला कळेना.

तिथं ठेवली असती तर आठवड्यात लोकांनी फळ्या चुलीत घातल्या असत्या. म्हणून सरपंच चनबसप्पाचे बैल जुंपून ती गावात आणली आणि तिप्पण्णाच्या घरासमोरच्या लिंबाखाली दगडांवर, गुडघ्याइतक्या उंचीवर ठेवली. तिप्पण्णानं सवयीनं ती दोरानं लिंबाला बांधूनही टाकली. चनबसप्पा म्हणाला, "पळून जाती व्हय रं?" तिप्पण्णानं गाठ आणखी आवळली.

आता गाव मोठं विचित्र असतं. वस्तू नदीत होती तोवर तिचा एक उपयोग होता. जमिनीवर आली तशी तिचे पन्नास उपयोग निघाले. न्हावी सावलीला म्हणून होडीत बसून दाढ्या करू लागला. दुष्काळी कामावरची मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीची, पोती पावसाच्या भीतीनं तिच्यात ठेवली. पावसाची भीती त्या साली फक्त सरकारलाच होती. एका लग्नात नवरानवरी तिच्यात बसवून अक्षता टाकल्या. दुपारी चनबसप्पा तिच्यात झोपायचा. आणि शेजारच्या रंभाबाईनं, जिला सगळं गाव रंभाक्का म्हणे, एक दिवस होडीच्या बाहेरच्या अंगाला शेण्या थापल्या. तिप्पण्णानं त्या एकेक करून उतरवल्या आणि तिच्या दारात रचून ठेवल्या. रंभाक्का म्हणाली, "वाळल्या की काढल्या असत्या की. भिताडावानी उबी हाय, म्हणून थापल्या."

तेच तर दुःख होतं. होडी भिंतीसारखी वाळत होती. फळ्यांचे सांधे आधी केसाएवढे उघडले, मग काडीएवढे. तिप्पण्णा सकाळी आत जाऊन उताणा पडायचा आणि कूस बदलली की फटीतून त्याला बाहेरचं लिंबाचं खोड दिसायचं. त्यानं गोणपाटं भिजवून तिच्यावर टाकायला सुरुवात केली. पण भिजवायची कशानं? नदीच्या वाळूत खणलेल्या झऱ्यातून घरटी दिवसाला एक घागर मिळायची. बसव्वा ती पहाटेपासून रांगेत बसून आणायची, आणि तिची पाठ वळली की तिप्पण्णा त्यातली अर्धी होडीला पाजायचा.

"अवो, माणसं हायती घरात," बसव्वा ओरडायची. "तोंड धुवायला पानी न्हाय आन तुमी लाकडाला आंगूळ घालताय!"

"मरंल गं ती."

"ती मरंल? आन मी?"

"तुला काय फटी पडत न्हाईत."

यावर बसव्वा जे बोलली ते कानडीत होतं, आणि तसं ते बरंच झालं. त्या दिवसापासून तिनं घागर फडताळात ठेवून कडी घातली. तिप्पण्णा रोज त्या कडीकडे बघायचा आणि मग होडीकडे बघायचा. घरात दोघांचं बोलणं बंद झालं, तरी फारसा फरक पडला नाही, कारण आधीही ते तीनच शब्दांचं होतं.

होळीच्या आसपास झराही आटला आणि गावाला टँकर सुरू झाला. टँकरचा ड्रायव्हर नागनाथ सोलापूरचा, तोंडात कायम पान. त्याला सांगितलेलं काम एकच, टँकर गावच्या विहिरीत रिकामा करायचा. गावच्या विहिरीला त्याच साली खोली वाढवायची म्हणून सुरुंग लावले होते. पाणी लागलं नव्हतं, पण तळाचा खडक चांगला उकलला होता. नागनाथनं पाइप सोडला, सगळं गाव दोर-घागरी घेऊन काठावर वाकलं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते पाणी गटगट आवाज करत खालच्या खाली निघून गेलं. आवाज थांबला तेव्हा तळाशी चिखल होता.

"पिली की सगळं," रंभाक्का म्हणाली.

दुसऱ्या खेपेलाही तेच. चनबसप्पा हात जोडून नागनाथला म्हणाला, "बाबा, हिच्यात नगं वतू." नागनाथ म्हणाला, "मग कशात ओतू? टाकी दाखवा, टाकीत ओततो. भरलेला टँकर परत नेला तर माझी नोकरी जाईल." गावात टाकी नव्हती. रांजण आणले तर ते चार भरून झाले आणि टँकर तसाच भरलेला दिसत होता.

तेव्हा मागून तिप्पण्णा म्हणाला, "होडीत वता."

सगळे वळले. तिप्पण्णा गावासमोर असा आपणहून कधी बोललाच नव्हता.

"फटी किती हायती तिला!" चनबसप्पा म्हणाला.

"आयुष्यभर तिनं भाईरचं पानी आत येऊ दिलं न्हाय. आता आतलं भाईर कशाला जाऊ दील?"

ऐकायला हे अगदी बिनतोड वाटलं आणि ते साफ खोटं होतं. होडी आयुष्यभर गळत आली होती. प्रत्येक खेपेला डालडाच्या डब्यानं पाणी उपसून उपसून तिप्पण्णाचा उजवा खांदा डाव्यापेक्षा मोठा झाला होता. त्याला गावाच्या तहानेशी त्या क्षणी काही देणंघेणं नव्हतं. टँकरभर पाणी होडीत पडलं तर लाकूड फुगेल, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. पण गावाजवळ दुसरा उपाय नव्हता, आणि नागनाथला उशीर होत होता.

पाइप होडीत सोडला. होडी चाळणीसारखी गळू लागली. प्रत्येक सांध्यातून, प्रत्येक खिळ्याजवळून धारा लागल्या. तिप्पण्णानं डोळे मिटून घेतले. आता लोक मारणार हे त्यानं ओळखलं. पण तेवढ्यात रंभाक्कानं पुढं होऊन एका धारेखाली आपली घागर लावली. मग दुसरीनं दुसऱ्या धारेखाली. बघता बघता होडीच्या दोन्ही अंगांना बाया बसल्या, तपेली, हंडे, कासंड्या लागल्या. कुठं ढकलाढकली नाही, कुठं दोर नको की रहाट नको. होडी रिकामी झाली तेव्हा गावात एक भांडं कोरडं राहिलं नव्हतं.

असं आठ-दहा दिवस चाललं. प्रत्येक घरानं आपापली फट ठरवून घेतली. चनबसप्पाची पुढची, रंभाक्काची सुकाणूजवळची, ती जरा रुंद होती. सून आणायची तर "आमची फट मोठी हाय" असं सांगण्यापर्यंत पाळी आली असती, पण लाकूड आपलं काम करत होतं. फळ्या पाणी पीत होत्या आणि हळूहळू फुगत होत्या. एके दिवशी रंभाक्का घागर लावून बसली आणि धारेचे नुसते थेंब झाले.

"माजी फट बुजली!" ती ओरडली. "तिप्पण्णा, मुडद्या, माज्याच फटीला काय केलंस?"

दुसऱ्या दिवशी चनबसप्पाची बुजली. चौथ्या दिवशी होडी काठोकाठ भरून उभी राहिली आणि बाहेर एक थेंब नव्हता. तिप्पण्णा तिच्याभोवती फेऱ्या मारत होता, फळ्यांवर बोटांनी टकटक करत होता आणि एकटाच हसत होता. गावाला वाटलं, गावाचं पाणी वाचलं म्हणून हसतोय. चनबसप्पानं चावडीसमोर भाषणच ठोकलं, तिप्पण्णानं गावासाठी पोटापाण्याची होडी देऊन टाकली वगैरे. तिप्पण्णाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन तो बसव्वाला म्हणाला, "मी गावासाटी केलं न्हाय गं. होडीसाटी केलं."

"मला ठावं हाय," बसव्वा म्हणाली. "गप ऱ्हावा."

कित्येक दिवसांत दोघं बोलले ते हे.

आता फटी बुजल्या म्हटल्यावर कुणीतरी आत बसून पाणी वाढायला हवं. वरून जो तो घागर बुचकळू लागला तर पाण्याचा चिखल व्हायचा. घर समोरच, म्हणून सगळ्यांनी बसव्वाला गळ घातली. बसव्वानं आधी नाही म्हटलं. मग म्हणाली, ही हलणार नाही ना? मग रंभाक्काचा हात धरून, डोळे गच्च मिटून, ती वीस वर्षांत पहिल्यांदा होडीत चढली आणि सुकाणूजवळच्या आडव्या फळीवर बसली. होडी खरंच हलली नाही. तिनं एक डोळा उघडला, मग दुसरा. तिप्पण्णानं तिच्या हातात आपला उपसायचा डालडाचा डबा दिला.

आणि मग बसव्वा कुणाला आवरेना. डोलकाठी नि वल्हं काठाला आडवी बांधून ठेवलेली होती, आणि मोरांचं शीड होडीवर झाकण म्हणून बांधलेलं होतं. ती त्याचं एक टोक उचलायची आणि डबा बुडवायची. माणशी दोन डबे, तान्ह्या पोराचा एक जादा, गाभण म्हशीचे दोन. "रांगेत! एकेकानं या!" असा तिचा आवाज नदीच्या वाळवंटापर्यंत जायचा. चनबसप्पा एकदा मधे घुसला तर तिनं सरपंचालाही माघारी पाठवला. पाण्याला डांबराचा आणि करंजीच्या तेलाचा वास यायचा. पहिले दिवस लोकांनी नाकं मुरडली, मग सवय झाली, मग रंभाक्कानं सांगून टाकलं की या पाण्यानं तिचा पोटातला गोळा गेला. तेव्हापासून मंद्रूपच्या बाजाराहून पाहुणे बाटल्या घेऊन येऊ लागले. बसव्वा त्यांना हुंगवून परत पाठवायची.

उन्हाळ्यात जीपमधून एक साहेब आले. त्यांनी होडी पाहिली, पुन्हा पाहिली, चष्मा पुसून पाहिली. "ही टाकी?" त्यांनी विचारलं. चनबसप्पा म्हणाला, "व्हय सायेब." साहेबांना अजून बरीच गावं करायची होती. त्यांनी एका माणसाला रंगाचा डबा आणायला सांगितला आणि होडीच्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत लिहून घेतलं, "टाकी क्र. ४". पहिल्या तीन कुठं आहेत हे गाव अजून शोधतंय.

तिप्पण्णानं ती अक्षरं बघितली आणि एक अक्षर नखानं खरवडून पाहिलं. होडी वाचली होती खरी, पण ती आता त्याची आहे का, हे त्यानं विचारावं असं कुणी मोकळं नव्हतं.

मग श्रावणात नदी आली. गावावर ढग नव्हता, जमिनीवर शिंतोडा नव्हता. पाऊस पडला तो दूर घाटात, आणि भीमा मातकट लाल होऊन भरभरून वाहू लागली. ते पाणी प्यायचं तर घागरीत निम्मा गाळ. विहीर कोरडी ती कोरडीच, त्यामुळे टँकर चालूच. आणि पलीकडच्या काठावर माणसं अडकली. आधल्या दिवशी वाळूतून चालत गेलेली, आता हात हलवून ओरडत होती, "तिप्पण्णा! होडी आण!"

तिप्पण्णा चनबसप्पाकडे गेला. चनबसप्पा म्हणाला, "मला न्हाय जमायचं. त्यावर नंबर हाय. टाकी नदीत सोडली तर सरकार मला सोडंल का?" तिप्पण्णा घरी आला. बसव्वा होडीतून उतरून नुकतीच घरात आली होती.

"होडी सोडायची," तो म्हणाला.

"आन गावानं प्यायचं काय?"

"रांजण हायती की. थोडं थोडं..."

"न्हाय सोडायची."

तिप्पण्णा तिच्याकडे बघतच राहिला. हीच का ती बाई, जिनं घागर कडीआड ठेवली होती? "तुजी सवत हाय ती," तो म्हणाला. "जाऊ दे की नदीत."

बसव्वा खाली बसली. "वीस वर्सं झाली ह्या गावात येऊन," ती म्हणाली. "नावाड्याची बायकू, यवढीच मी. कुणी मला हाक मारून काय मागितलं न्हवतं. आता सकाळधरनं सांजंपतूर बसव्वाक्का, बसव्वाक्का. तुमची होडी नदीत गेली की तुमी परत नावाडी. आन मी? मी परत कोन?"

तिप्पण्णा बाहेर आला. तो ओट्यावर जाऊन बसला. समोर लिंबाखाली होडी उभी होती, मागं नदी वाहत होती, आणि या दोघींच्या मधे पन्नास पावलांची कोरडी जमीन होती. त्याला आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं की आपण होडीवर जेवढा जीव लावला त्यातला थोडा घरात लावला असता तर आज मागायला तोंड राहिलं असतं. वाटून काय उपयोग, पण वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी नागनाथ होडी भरून गेला. रांग लागली. बसव्वा आपल्या फळीवर बसली. आणि ऊन वर आलं तशी नदी काठ सोडून गावाकडे येऊ लागली.

पूर असा आरडाओरडा करत येत नाही. तो मांजरासारखा येतो. रांगेतल्या बायांच्या पायाला पाणी लागलं, त्यांनी लुगडी वर धरली. घोट्यापर्यंत आलं, त्यांनी घागरी डोक्यावर घेतल्या. पण रांग सोडून कुणी हलेना, कारण हललं की नंबर गेला. "सरकू नगंस," मागची पुढचीला सांगत होती. लाल पाण्यात गुडघाभर उभं राहून सगळं गाव पाण्यासाठी थांबलं होतं, आणि कुणालाही यात काही वावगं दिसत नव्हतं.

दिसलं ते तिप्पण्णाला. काठोकाठ भरलेली होडी उठणार नाही. पूर तिच्या काठाला लागला की आत शिरेल आणि ती जागच्या जागी बसेल. आणि आत बसव्वा होती, जिला पोहता येत नव्हतं. तो पाण्यातून धावत सुटला.

"बसव्वा! पानी फेक! उपस आन फेक भाईर!"

"प्यायचं पानी फेकू?"

"मग उतर खाली!"

"रांग हाय की अजून!"

"बुडू दे!" तिप्पण्णा ओरडला. "होडी बुडू दे, तू उतर!"

बसव्वाचा डबा क्षणभर हवेतच राहिला. ज्या होडीसाठी यानं घरची घागर चोरून रिकामी केली, ती होडी बुडू दे असं हा गावादेखत म्हणत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग तिनं शीड बाजूला लोटलं, पदर खोचला आणि रांगेवर ओरडली, "आता रांग न्हाय! सगळ्यांनी या! दोन्ही अंगांनी या! पातेली, रांजण, काय आसंल ते आना!"

आणि गाव तुटून पडलं. बाया कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून होडीतून गोडं पाणी भरत होत्या, डोक्यावर चढवून वरच्या आळीकडे पळत होत्या, परत येत होत्या. चनबसप्पा पंचायतीची घंगाळी घेऊन आला. बसव्वा दोन्ही हातांनी वाढत होती आणि नावं घेऊन हाका मारत होती. कुणाचंही घर ती विसरली नाही. तळाशी थोडं उरलं ते तिनं पदरानं टिपून रंभाक्काच्या घागरीत पिळलं. रंभाक्कानं त्याबद्दल आशीर्वादही दिला आणि शिवीही.

आणि तेवढ्यात टाकी क्रमांक चार हलली.

बसव्वानं दोन्ही हातांनी काठ धरला. "अय्यो! हलती!"

"हलूच दे!" तिप्पण्णा काठाला धरून आत चढला. दगडांवरून होडी उचलली गेली, डुलली, लिंबाचा दोर ताणला. बांधलेली राहिली तर ओढीत उलटली असती, म्हणून त्यानं गाठ सोडली. पुराच्या ओढीत काठाला परतणं जमणार नव्हतं, पलीकडेच जावं लागणार होतं. त्यानं डोलकाठी उभी केली, शीड चढवलं. वारा पश्चिमेचाच होता. मोर फुगले, दोन सुलटे आणि दोन डोक्यावर उभे. मागं पाण्यात उभं राहिलेलं लिंबाचं झाड आणि घागरी घेतलेलं गाव लहान लहान होत गेलं.

मध्यावर येईपर्यंत बसव्वा डोळे मिटून होती. उघडले तेव्हा चारी बाजूंना पाणीच पाणी. तिनं काठावरचा एक हात सोडला. मग म्हणाली, "वाईच पानी द्या की. घसा सुकलाय."

तिप्पण्णा सवयीनं होडीच्या तळाकडे वाकला. तिथं नेहमी पाणी असायचं. त्यानं हात फिरवला. फळ्या घट्ट, सांधे बंद, तळ कोरडा. "थेंब न्हाय," तो म्हणाला, आणि त्यानं पुन्हा हात फिरवला. "एक थेंब गळत न्हाय, बसव्वा."

"ते ऱ्हाऊ द्या. आपली घागर भरून ठिवली का कुनी?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तूच वाढत हुतीस की," तिप्पण्णा म्हणाला.

"आपली ऱ्हायलीच," बसव्वा म्हणाली.

तेवढ्यात तिला लाल पाण्यावर काहीतरी डुलत येताना दिसलं. पूर त्यांच्या घरात शिरला होता, आणि रिकामी होती म्हणून त्यांची तांब्याची घागर तरंगत बाहेर पडली होती. तिप्पण्णानं वल्ह्यानं ती जवळ ओढली. बसव्वा आधी हसली, मग रडली, मग तिनं ती नदीच्या लाल पाण्यानं भरली आणि आपल्या दोन पायांमधे घट्ट धरून ठेवली.

"बसू द्या गाळ," ती म्हणाली. "निवळंल. निम्मी तुमची."

पलीकडच्या काठाला चार दिवस उपाशीतापाशी अडकलेली माणसं होती. होडी टेकायच्या आधीच ती गलका करत पाण्यात उतरली आणि काठाला धरून चढू लागली. होडी एका अंगाला कलली. तिप्पण्णा ओरडणार, एवढ्यात बसव्वा फळीवर उभी राहिली. हातात डालडाचा डबा होता. आवाज तोच होता.

"ए! रांगेत! एकेकानं या!"

आणि माणसं रांगेत उभी राहिली.